ताणलेला दोर

किनारा ढासळायचा तेव्हा आवाज काही फार मोठा होत नसे. तळघरात कुणी बटाट्यांचं पोतं टाकावं तसा धप्प आवाज, आणि पुन्हा वारा. पण रिम्मा अर्काद्येव्नाला तो झोपेतही ऐकू यायचा आणि चहा ओततानाही. आला की तिचा हात जिथल्या तिथे थांबायचा. मनातल्या मनात ती हिशेब करायची, समुद्र कुठवर आला आणि आवार कुठे आहे. तोंडाने मात्र म्हणायची, "लांब पडलं. तिकडे, टोकाकडे."

"लांबच," येफिम म्हणायचा. त्याला नीट ऐकू आलेलं असो वा नसो, म्हणायचा लांबच.

गोलेत्स बेटावरच्या हवामान केंद्रात माणसं तीनच होती. केंद्रप्रमुख रिम्मा, इंजिनं, पाव आणि अस्वलं ह्या तिन्ही खात्यांचा एकटा कारभारी येफिम, आणि निरीक्षक कापितोलिना, म्हणजे रिम्माची पोटची पोर, कापा. शिवाय दोन कुत्री होती, ती अस्वलाला भुंकायची आणि आवाराच्या कुंपणापासून चार हात लांब राहायची. आवारात पाय ठेवायची परवानगी त्यांना नव्हती. तशी ती कुणालाच नव्हती.

आवार म्हणजे घराच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, कुंपण घालून राखलेला शेवाळाच्या जमिनीचा एक चौकोन. त्यात उंच पायांवर झडपांची पांढरी पेटी, पेटीत तापमापक, बाजूला पाऊस-बर्फ मोजायचं भांडं आणि वाऱ्याचा खांब. दर तीन तासांनी कुणीतरी घरातून निघायचं, फळ्यांच्या वाटेने जायचं, पेटीच्या छोट्या शिडीवर चढून आकडे वाचायचे आणि त्याच फळ्यांवरून परत यायचं. फळ्यांबाहेर पाऊल टाकायचं नाही. शेवाळ तुडवलं की जमीन वेगळी तापते, बर्फ तुडवला की वेगळा साठतो, आणि मग तो आकडा त्या जागेचा राहत नाही, तुमच्या बुटांचा होतो. रिम्मा हे असंच सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

तीसच्या दशकात पहिल्या माणसांनी ती पेटी रोवली, तेव्हापासून ती तसूभरही हलली नव्हती. महायुद्ध झालं. देशाचं नाव बदललं. एका वर्षी जहाजच आलं नाही, तेव्हा माणसांनी सीलचं मांस खाऊन हिवाळा काढला, पण आकडा चुकवला नाही. एकाच जागेचे, एकाच उंचीवरचे, कुठेही न तुटलेले आकडे. माणसाला अभिमान कशाचा वाटावा ह्याला काही धरबंध नसतो. कुणाला घराण्याचा वाटतो, कुणाला गाईचा. रिम्माला ह्या आकड्यांच्या माळेचा वाटायचा.

आणि त्याच आकड्यांनी वाईट बातमी सांगितली होती. एकदम नाही, वर्षानुवर्षं, कणाकणाने. रिम्मा तरुणपणी इथे आली तेव्हा ऑक्टोबरात समुद्र गोठून मुकाट पडायचा. आता ऑक्टोबर सरत आला तरी समोर काळं पाणी, त्याला लाटा, आणि लाटांना दात. जमिनीच्या पोटात हजारो वर्षांचा जुना बर्फ होता, तो पाण्यात टाकलेल्या गुळासारखा विरघळत होता. जे मोजायला पेटी ठेवली, तेच आता पेटीच्या पायाशी येऊन उभं राहिलं होतं.

कोठीत एक मोठा लाकडी खोका पडून होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी जहाजाने आणून टाकलेला. त्यात नवी पेटी, नवी यंत्रं. मागच्या टेकडीवर, खडकावर ती उभी करायची, वर्षभर दोन्हीकडचे आकडे वाचायचे आणि मग जुनी जागा बंद करायची, असं ठरलेलं होतं. कधी करायचं ते वरच्यांनी रिम्मावर सोडलं होतं. जागेवर ती होती, तिलाच दिसत होतं. पहिल्या उन्हाळ्यात टेकडीची वाट चिखलाची होती. दुसऱ्या उन्हाळ्यात येफिमची पाठ धरली. नाचता येईना अंगण वाकडं. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या निवृत्तीला एवढा एकच हिवाळा उरला होता, आणि ती माळ तिच्या हातून तुटायला नको होती. तिच्यामागून आलेल्याने खुशाल तोडावी.

कापाला हे सगळं दिसत होतं. ती लहानपणी आजीकडे वाढली, मुख्य भूमीवर, कारण बेटावर पोरं ठेवता येत नसत. आई सुट्टीत यायची, भेटवस्तू आणायची, आणि जायची. तीन वर्षांपूर्वी कापाने निरीक्षकाचं शिक्षण पुरं केलं आणि अर्जात स्वतःहून गोलेत्सचं नाव घातलं. इतकी चांगली ठिकाणं सोडून तिथे का, असं आजीने विचारलं, तर म्हणाली, "एक बाई आहे तिथे, तिच्याशी ओळख करून घ्यायचीय."

ओळख झाली ती कामातून. ड्यूटीवर असताना आई नाही, रिम्मा अर्काद्येव्ना. तू नाही, तुम्ही. हा नियम रिम्माने पहिल्याच दिवशी घातला होता, आणि कापाने तो असा पाळला की कधी कधी रिम्मालाच तो टोचायचा.

त्या आठवड्यात एकदा वाऱ्याने कापाची टोपी उडवली. ती फळ्यांवरून उतरली, दोन ढांगा टाकून टोपी उचलली आणि परत फळीवर आली. घरात शिरते तो आई दारात उभी.

"कापितोलिना रोदिओनोव्ना, ते काय होतं?"

"टोपी उडाली, रिम्मा अर्काद्येव्ना."

"टोप्या कोठीत ढीगभर आहेत. ती जागा एकच आहे."

"ती जागा उद्या समुद्रात जाणार आहे, आणि तुम्ही तिथे माझ्या पावलाचा ठसा बघताय?"

"मी ठसाच बघणार! नव्वद वर्षं तिथे कुणाचं पाऊल पडलं नाही, आणि तुला टोपी पडली होती! तुझ्यासाठी आकडा म्हणजे काय, बाजारातले बटाटे आहेत का, एक इकडे एक तिकडे?"

कापाचं तोंड उतरलं. त्या दिवसानंतर तिने एकदाही फळी सोडली नाही. आकडे वाचून आली की दारातच, बूट काढायच्या आधी, आईला आकडे सांगायची. रिम्माला बरं वाटलं. पोर ताळ्यावर आली, असं तिने धरलं.

जेवताना ड्यूटी नसायची. तेव्हा कापा म्हणाली, "आई, खोका उघडू या ना. मी आणि येफिम काका चार दिवसांत उभं करतो सगळं."

"हिवाळा जाऊ दे."

"हिवाळा येतोय कुठे जायला? येतच नाहीये तो."

"बघ अर्काद्येव्ना," येफिम पावावर लोणी थापत म्हणाला, "माझी पाठ बरी आहे आता. नाचूनसुद्धा दाखवतो. तू फक्त हो म्हण."

"तू नाचू नकोस, जमीन आधीच खचतेय," रिम्मा म्हणाली. सगळे हसले, आणि विषय तिथेच बुडाला. विनोद करून विषय बुडवण्यात रिम्मा तरबेज होती.

घराच्या भिंतीतल्या कडीपासून आवाराच्या फाटकाच्या खांबापर्यंत एक जाड दोर बांधलेला असायचा. हिमवादळात स्वतःचा हात दिसेनासा झाला की त्या दोराला धरून जायचं आणि धरून यायचं. हा दोर कायम मध्ये लोंबायचा. कापा त्याला "येफिम काकांची विजार" म्हणायची, आणि रिम्मा दर शरद ऋतूत येफिमच्या मागे लागायची, अरे तो ताण जरा. येफिम म्हणायचा, ताणतो, आणि नाही ताणायचा.

शनिवारी सकाळी रिम्मा स्वतः आकडे वाचायला गेली तर दोर कसा झक्क ताणलेला. तिने बोटाने टिचकी मारली, तो थरथरला. येफिमने शेवटी मनावर घेतलं म्हणायचं. परत येताना तिने पाहिलं, फळ्यांवर ओल्या बर्फाची चांगली साय धरली होती. पायाखाली एक फळी जराशी डुगडुगली. ह्या वर्षी सगळंच ओलं, असं म्हणून ती घरात आली.

दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला. त्याच्याबरोबर बर्फ आला तोही कोरडा नाही, चिकट, तोंडावर थापलेल्या पिठासारखा. लाटांचा आवाज भिंतीतून येऊ लागला. धप्प. मग थोड्या वेळाने पुन्हा, धप्प. रिम्माने घड्याळाकडे पाहिलं. पाळी कापाची होती.

"दोर धरून जा," ती म्हणाली.

"धरते, रिम्मा अर्काद्येव्ना," कापा म्हणाली. तिने कपाळाला दिवा बांधला, टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट आवळली, आणि गेली.

स्वयंपाकघरात चुलीवर ग्रेच्काचे, म्हणजे कुट्टूचे दाणे शिजत होते. येफिम बटाटे सोलत होता, रिम्मा कांदा चिरत होती. बाहेर पोरगी असली की रिम्मा नेहमी हाताला काम लावून घ्यायची. काळजी वाटते असं म्हणायची तिला सवय नव्हती.

"एक बरं केलंस," ती म्हणाली, "दोर ताणलास ते. अशा वाऱ्यात तो लोंबत असता तर पोर भलतीकडेच गेली असती."

येफिमने बटाट्यावरची नजर काढली नाही. "कुठला दोर?"

"आवाराचा."

"मी कुठे ताणला? मला वाटलं तूच ताणलास. मी काल हात लावून पाहिला आणि म्हटलं, बाई माझ्यावर रुसली, आता टोमणा येणार."

रिम्माची सुरी कांद्यात तशीच राहिली. "कापाने?"

"छे. ती मला विचारत होती परवा, काका, विजारीला इस्त्री केली का म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोर ताणायचा तर कुणीतरी ओढायला हवा. घर खडकावर होतं, ते हलणार नाही. मग दुसरं टोक हललं होतं. खांब हलला होता. नुसता खांब नव्हे, खांब ज्यात रोवला ती जमीन, कुंपण, पेटी, सगळं आवार समुद्राकडे सरकत होतं आणि आपल्याबरोबर दोर ओढून नेत होतं. आणि भेग पडली असणार ती घर आणि आवार ह्यांच्या मध्ये, फळ्यांच्या खाली. तिथे कुणी बघत नाही, कारण तिथे कुणी फळीवरून उतरतच नाही. रिम्माने नव्वद वर्षांची शिस्त राखली होती, आणि त्या शिस्तीखाली जमीन फाटली होती.

 रिम्मा उठली तशी खुर्ची पडली. कोट न घालता, नुसते बूट पायात अडकवून ती बाहेर धावली. मागून येफिम ओरडला, "थांब, शिडी घेतो!"

बाहेर सगळं करडं. तिने दोराला हात घातला. दोर तारेसारखा कडक झाला होता, आणि त्यात एक बारीक सलग कंप होता, तो तिच्या खांद्यापर्यंत चढला. ती धावू लागली. कापा, कापा, असं ती ओरडत होती आणि वारा ते तोंडातच परत कोंबत होता. अर्ध्यावर पुढची फळी एकदम खाली झुकलेली दिसली आणि ती थांबली, आणखी एक पाऊल टाकलं असतं तर गेलीच असती. समोर भेग होती. काळी, ओली, घोड्यालाही उडी मारता येणार नाही एवढी रुंद, आणि तिच्यातून जुन्या चिखलाचा कुबट वास येत होता. फळ्या आत लटकत होत्या.

पलीकडे आवार, एका बाजूला कललेलं. आणि पेटीच्या शिडीवर दिव्याचा पिवळा ठिपका. कापा शिडीवर चढून पेटीत वाकली होती. वाचत होती.

"उतर!" रिम्मा किंचाळली. "सोड ते! उतर!"

ठिपका हलला नाही. मग पेटीचं दार लागलं. कापा दार लावून, त्याची खिट्टीसुद्धा घालून उतरली. फळ्यांवरून फाटकाशी आली आणि तिथे थबकली. पुढे वाट नव्हती. तिचा चेहरा दिव्यामागे दिसत नव्हता, पण ती भेगेकडे बघत उभी होती हे रिम्माला कळत होतं. पायाखाली काहीतरी दबक्या आवाजात कडाडलं.

कापाच्या डाव्या अंगाला, कुंपणाच्या कोपऱ्याशी, भेग निमुळती झालेली होती. तिथवर जायचं तर आवार आडवं तुडवत जायला हवं होतं. रिम्माने हात करून दाखवलं. "डावीकडे! कोपऱ्यात! वाट सोड!"

कापाने डावीकडे पाहिलं. समोर कोरा, अस्पर्श बर्फ. तिने एक पाय उचलला, आणि तो परत फळीवर ठेवला. खरंच ठेवला. रिम्माने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तुडव! अगं तुडव सगळं! कापा, बाळा, तुडव!"

तेव्हा कापा धावली. गुडघाभर बर्फातून, शेवाळावरून, भांडं पाडून, पडत-उठत कोपऱ्याकडे. रिम्मा अलीकडून तिच्याबरोबर धावत होती. येफिम छपराची लांब शिडी फरफटत आला आणि त्याने ती भेगेवर टाकली. पलीकडचं टोक कसंबसं टेकलं. तो अलीकडच्या टोकावर सगळ्या वजनानिशी बसला आणि म्हणाला, "ये पोरी, रांगत ये. खाली बघू नकोस, माझ्या थोबाडाकडे बघ, ते जास्त भयंकर आहे."

कापा रांगत आली. रिम्माने तिला कोटाच्या पाठीला धरून ओढलं, दोघी बर्फात पडल्या, आणि रिम्माने तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. कापाचे दात वाजत होते. तरी तिने तोंड वर केलं आणि धापा टाकत म्हणाली, "शून्याच्या वर. एक पूर्णांक चार. वारा उत्तरेचा."

"गप," रिम्मा म्हणाली. "गप बस."

आवार मग त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. घाई न करता गेलं. आधी वाऱ्याचा खांब आडवा झाला, मग कुंपण, आणि शेवटी पांढरी पेटी मान टाकल्यासारखी झुकली आणि करड्यात नाहीशी झाली. दोर भिंतीच्या कडीपासून कर्कश वाजू लागला. येफिमने चाकू काढला.

"सुटला तर कुणाची तरी मान तोडेल. कापू?"

"काप," रिम्मा म्हणाली.

घरात आल्यावर त्यांनी कापाला चुलीजवळ बसवलं, अंगावर दोन घोंगड्या घातल्या, हातात गोड चहा दिला. ग्रेच्का करपला होता. रेडिओवर मुख्य भूमीवरून कुणीतरी विचारत होतं, गोलेत्स, गोलेत्स, तुमची बातमी आली नाही. रिम्माने उठून आवाज बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा. मग ती कापाच्या पायाशी खाली बसली आणि तिचे गार पाय स्वतःच्या हातांनी चोळू लागली.

"तू पोचलीस तेव्हा फळ्या होत्या?" तिने विचारलं.

"होत्या. फाटकातून आत गेले आणि मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर मधली फळी गेली होती. पण भेग लहान होती तेव्हा. उडी मारता आली असती."

"मग मारली का नाहीस?" रिम्माचा आवाज चढला. भीती उतरली की तिला राग येत असे. "उडी मारायची सोडून शिडीवर चढलीस? खिट्टी घालत बसलीस? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

येफिम म्हणाला, "अर्काद्येव्ना, आत्ता नको."

"नाही, मला कळू दे. का नाही आलीस परत?"

कापाने चहाचा पेला खाली ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती. विचारलं म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं.

"वाटलं, रिकाम्या हाताने आले तर तू आधी आकडा विचारशील."

रिम्माने तोंड उघडलं. असं कसं म्हणतेस, असं तिला म्हणायचं होतं. मी आई आहे तुझी, असं म्हणायचं होतं. ती दारात उभी आहे, पोरगी धापा टाकत आत येते, आणि आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, हे तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. येफिम पाठ करून करपलेलं भांडं खरवडू लागला.

"हो," रिम्मा म्हणाली. "विचारला असता."

आणि ती त्या पायांवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.